प्रत्येक स्क्रीनवर तोच ग्रिड: एजी ग्रिडची सामाईक मांडणी कशी करावी

बिलिंगचं, साठ्याचं, वसुलीचं कुठलंही वेब ॲप उघडा, बहुतेक स्क्रीनवर तक्तेच दिसतात. ग्राहकांची यादी, बिलांची यादी, येणी, मालाची आवक-जावक. पहिली स्क्रीन करणारा डॉक्युमेंटेशनमधलं उदाहरण उचलतो आणि त्यात चार बदल करतो. दुसरी करणारा पहिलीची फाइल कॉपी करतो. तिसऱ्याला घाई असते, तो दुसरीचीच कॉपी करून नको ते खोडतो. काही महिन्यांनी एका स्क्रीनवर रक्कम उजवीकडे असते, दुसरीवर डावीकडे. एका ठिकाणी पानावर शंभर ओळी, दुसऱ्या ठिकाणी वीस. मग क्लायंट म्हणतो, ‘सगळीकडे पन्नास करा ना’, आणि एका ओळीच्या कामासाठी पंधरा फाइली उघडाव्या लागतात.

एजी ग्रिड ही वेब पानावर असे तक्ते दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी. हा लेख रिॲक्ट आणि एजी ग्रिडच्या फुकट, म्हणजे कम्युनिटी आवृत्तीला धरून लिहिला आहे. आवृत्ती ३३ किंवा त्यापुढची आहे असं धरलंय. अँग्युलर किंवा व्ह्यू वापरत असाल तरी ग्रिडचे पर्याय तेच असतात, फक्त भोवतालचा कंपोनंट, म्हणजे स्क्रीनचा पुन्हा वापरता येणारा तुकडा, वेगळ्या तऱ्हेने लिहावा लागतो. दुसरीच लायब्ररी असेल तर तिच्यातही अशी सोय असते: एमयूआयच्या डेटा ग्रिडला थीममधून डिफॉल्ट प्रॉप (कंपोनंटला बाहेरून दिलेली मूल्यं) देता येतात, टॅनस्टॅक टेबलमध्ये डिफॉल्ट कॉलम नावाचा पर्याय आहे.

एक खुलासा. पर्यायांची नावं मी उच्चाराप्रमाणे सुटी लिहिली आहेत, वाचायला सोपं जावं म्हणून. कोडमध्ये ती इंग्रजीत जोडून, कॅमल केसमध्ये येतात, म्हणजे दुसऱ्या शब्दापासून प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं.

पहिली पायरी: आधी जे आहे ते मांडून बघा

लगेच सामाईक फाइल करायला बसू नका. प्रोजेक्टमध्ये ग्रिडचा कंपोनंट कुठे कुठे वापरलाय ते शोधा आणि प्रत्येक ठिकाणी कोणते पर्याय दिलेत ते एका शीटमध्ये उतरवा. काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळून केलेली सामाईक मांडणी नंतर प्रत्येक स्क्रीनवर अडते.

शीट भरली की प्रत्येक पर्यायाला एकच प्रश्न विचारा: हे कुणाचं आहे? काही गोष्टी अख्ख्या ॲपच्या असतात: थीम, भाषा, पानावरच्या ओळी, फिल्टर असावा की नाही. काही गोष्टी माहितीच्या प्रकाराच्या असतात. रक्कम कुठल्याही स्क्रीनवर असो, ती उजवीकडे आणि दोन दशांश स्थळांसह हवी. तारीख कुठेही असो, एकाच साच्यात हवी. आणि काही गोष्टी त्या स्क्रीनपुरत्याच: कॉलम कोणते, क्रम काय, ओळीवर क्लिक केलं की काय उघडायचं. या तीन ढिगांच्या तीन जागा पुढे येतातच.

ढीग लावताना स्क्रीनस्क्रीनमधले फरक दिसतील. बहुतेक फरक कुणी ठरवून केलेले नसतात, कॉपी-पेस्टच्या ओघात झालेले असतात. पण दोन-तीन फरकांमागे कारण असतं. गोदामाच्या स्क्रीनवर पानं बंद ठेवलेली असतील, तर कदाचित माल भरणाऱ्या माणसाला आख्खी यादी सलग खाली सरकवत तपासायची असते. म्हणून ‘हे चुकून झालंय’ असं परस्पर ठरवू नका. ती स्क्रीन रोज वापरणाऱ्याला विचारा, पाच मिनिटांचं काम असतं.

दुसरी पायरी: एक फोल्डर, एक नोंदणी

सोर्समध्ये ग्रिड नावाचा एक फोल्डर करा. त्यात चार फाइली पुरतात: एकीत मॉड्यूलची नोंदणी आणि ॲपभरचे पर्याय, दुसरीत कॉलमचे प्रकार, तिसरीत आकडे-तारखा सजवणारी फंक्शन्स, चौथीत तुमचा स्वतःचा कंपोनंट.

आवृत्ती ३३ पासून मॉड्यूल, म्हणजे ग्रिडच्या सोयींचे सुटे गट, नोंदवावी लागतात. मॉड्यूल रजिस्ट्रीला ‘ऑल कम्युनिटी मॉड्यूल’ दिलं की फुकटातलं सगळं चालू होतं. नोंदणी राहिली तर ग्रिड उमटत नाही आणि कन्सोलमध्ये लाल अक्षरांत तक्रार येते. जुनी ट्यूटोरियल बघून काम करणारे इथेच अडकतात, कारण त्यांत हा भाग नसतोच. सुरुवातीला सगळी मॉड्यूल घ्या. बंडलचं, म्हणजे ब्राउझरकडे जाणाऱ्या कोडचं, वजन कमी करायचं तेव्हा लागतील तेवढीच निवडता येतील, आणि नोंदणी एकाच फाइलमध्ये असल्यामुळे बदलही तिथेच होईल.

ही फाइल ॲपच्या प्रवेशाच्या फाइलमध्ये, पहिला ग्रिड तयार होण्याआधी इम्पोर्ट झाली पाहिजे. नंतर झाली तर तोवर उघडलेल्या ग्रिडपर्यंत ती पोचत नाही.

तिसरी पायरी: अख्ख्या ॲपचे नियम

यासाठी एजी ग्रिडमध्ये ‘प्रोव्हाइड ग्लोबल ग्रिड ऑप्शन्स’ नावाचं फंक्शन आहे. त्याला ग्रिडच्या पर्यायांचा एक ऑब्जेक्ट द्यायचा. तो ॲपमधल्या प्रत्येक ग्रिडला आपोआप लागू होतो. एखाद्या ग्रिडने तोच पर्याय स्वतः दिला, तर त्या ग्रिडपुरतं त्याचं चालतं.

इथे काय घालावं? पेजिनेशन (यादीची पानं पाडणं) चालू, पानावर पन्नास ओळी, थीम, भाषेचा मजकूर, आणि ‘डिफॉल्ट कॉल डेफ’, म्हणजे प्रत्येक कॉलमला लागू होणारे मूळ गुणधर्म. डिफॉल्ट कॉल डेफमध्ये फिल्टर आणि किमान रुंदी एवढं पुरेसं आहे. सॉर्टिंग आणि रुंदी ओढून बदलणं या दोन्ही गोष्टी आवृत्ती ३१ पासून मुळातच चालू असतात, त्या पुन्हा लिहायची गरज नाही.

पानावरच्या ओळींबद्दल एक बारीक गोष्ट. ग्रिडच्या खाली ओळींची संख्या निवडायची जी यादी येते तिच्यात २०, ५० आणि १०० असे तीनच आकडे असतात. तुम्ही पंचवीस ठरवलेत आणि यादी बदलली नाहीत, तर निवडीची जागा रिकामी दिसते आणि कन्सोलमध्ये इशारा येतो. यादीचा पर्यायही त्याच फाइलमध्ये, त्याच आकड्याच्या शेजारी ठेवा.

थीमचंही तसंच. ३३ पासून थीम जावास्क्रिप्टमधून द्यायची पद्धत आहे. प्रोजेक्टमध्ये कुठेतरी जुनी सीएसएस फाइल इम्पोर्ट झालेली राहिली तर दोन्हींचा गोंधळ होतो आणि ग्रिड तशी तक्रारही करतो. जुनीच सीएसएस काही दिवस चालवायची असेल तर थीमच्या पर्यायात ‘लेगसी’ लिहायचं. भाषेसाठी ‘लोकल टेक्स्ट’ हा पर्याय आहे: प्रत्येक वाक्याची एक किल्ली असते, तिच्यासमोर आपला मजकूर. मराठी ॲप असेल तर ओळी नसताना इंग्रजी वाक्याऐवजी ‘दाखवायला काही नाही’ दिसलं पाहिजे, आणि ते एकदाच लिहायला लागलं पाहिजे.

आता ज्या जागी सगळ्यांत जास्त वेळ जातो ती जागा.

समजा डिफॉल्ट कॉल डेफमध्ये तुम्ही फिल्टर चालू आणि किमान रुंदी १०० असं ॲपभरासाठी ठरवलंत. मग बिलांच्या स्क्रीनवर सगळे कॉलम संपादन करण्याजोगे हवेत, म्हणून तिथे कुणीतरी वेगळा डिफॉल्ट कॉल डेफ दिला आणि त्यात एवढंच लिहिलं: ‘एडिटेबल, हो’. बिलांच्या स्क्रीनवर आता फिल्टर नाहीत. किमान रुंदी नाही. इशारा नाही, एरर नाही. टेस्टर म्हणतो फिल्टर गेले, डेव्हलपर म्हणतो मी फिल्टरला हातच लावला नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

कारण असं की ग्लोबल पर्याय आणि ग्रिडचे पर्याय एकत्र होताना ते वरवर एकत्र होतात. ग्रिडने डिफॉल्ट कॉल डेफ दिला की ग्लोबलचा डिफॉल्ट कॉल डेफ अख्खाच बाजूला पडतो; आतले गुणधर्म एकेक करून मिसळले जात नाहीत. ते मिसळायला हवे असतील तर त्याच फंक्शनला दुसरा आर्ग्युमेंट म्हणून ‘डीप’ द्यावा लागतो. न दिल्यास ‘शॅलो’ धरलं जातं.

माझं मत: डीप द्याच. आणि वर टीममध्ये नियम करा की स्क्रीनवर डिफॉल्ट कॉल डेफ शक्यतो लिहायचा नाही. अख्ख्या स्क्रीनचे कॉलम एका बाबतीत वेगळे असतील तर तो वेगळेपणा कॉलमच्या प्रकारात बसतो का ते आधी बघा.

हे ग्लोबल पर्याय ग्रिड जन्माला येताना एकदाच वाचले जातात, हेही लक्षात असू द्या. वापरणाऱ्याने मधेच भाषा किंवा रंगसंगती बदलली, तर ग्लोबलमध्ये केलेला बदल उघड्या ग्रिडवर दिसणार नाही. चालू असताना बदलणारी गोष्ट, उदाहरणार्थ थीम, प्रॉप म्हणूनच द्या. भाषेचा मजकूर मात्र प्रॉपनेही उघड्या ग्रिडवर बदलत नाही, त्यासाठी ग्रिड नव्याने तयार करावा लागतो.

चौथी पायरी: कॉलमचे प्रकार

सगळ्या मांडणीत सर्वांत जास्त फायदा या पायरीचा आहे, आणि टीम सहसा हीच वगळतात. ‘कॉलम टाइप्स’ या पर्यायात तुम्ही नावं ठरवायची आणि प्रत्येक नावाखाली कॉलमच्या गुणधर्मांचा गट ठेवायचा. मग स्क्रीनवरचा कॉलम फक्त फील्ड, मथळा आणि प्रकाराचं नाव सांगतो. क्रम असा: आधी डिफॉल्ट कॉल डेफ, त्यावर प्रकाराचे गुणधर्म, त्यावर खुद्द कॉलमवर लिहिलेले. शेवटी लिहिलेलं जिंकतं.

साधारण व्यावसायिक ॲपला पाच-सहा प्रकार पुरतात: रक्कम, नग, तारीख, स्थिती, कृती, आणि मराठी नावं असतील तर त्यांच्यासाठी एक.

रक्कम आधी घेऊ. उजवीकडे बसवण्यासाठी ‘राइट अलाइन्ड’ हा तयार प्रकार एजी ग्रिडमध्ये आहेच, तो मथळाही उजवीकडे नेतो. एका कॉलमला एकाहून जास्त प्रकार देता येतात, त्यामुळे तो आणि तुमचा, दोन्ही चालतात. आकडा सजवण्यासाठी ‘व्हॅल्यू फॉर्मॅटर’ (मूल्य कसं दिसावं ते ठरवणारं फंक्शन) आणि त्यात ‘इंटल’, म्हणजे भाषेनुसार आकडे-तारखा मांडणाऱ्या ब्राउझरच्या सोयीमधला नंबर फॉर्मॅट वापरा. भाषा ‘इएन-आयएन’ दिली तर स्वल्पविराम लाख-कोटींच्या पद्धतीने पडतात आणि आकडे इंग्रजीच राहतात. ‘एमआर-आयएन’ दिली तर आकडेही देवनागरी होतात: १२,३४,५६७. मराठी भाषा हवी पण आकडे इंग्रजी हवेत, अशी मागणी बँका आणि अकाउंटवाल्यांकडून हमखास येते. त्यासाठी भाषेच्या नावापुढे अंकपद्धतीचं ‘यू-एनयू-लॅटन’ हे शेपूट जोडता येतं. यातलं काय वापरायचं ते एकदा ठरवा आणि या एका फाइलमध्ये ठेवा.

फॉर्मॅटरचा ऑब्जेक्ट फंक्शनच्या बाहेर, एकदाच तयार करा. आत तयार केलात तर प्रत्येक सेल रंगवताना नवा बनतो, आणि हजारो ओळी सरकवताना ते जाणवतं.

रिकाम्या रकमेकडे नीट बघा. जावास्क्रिप्टमध्ये ‘मूल्य नाही’ हे नल किंवा अनडिफाइन्ड असं लिहिलेलं असतं. नंबर फॉर्मॅटला नल दिलं तर तो ‘०’ परत देतो, आणि अनडिफाइन्ड दिलं तर ‘एनएएन’, म्हणजे ‘हा आकडा नाही’. वसुलीच्या स्क्रीनवर ‘पैसे अजून आले नाहीत’ आणि ‘शून्य रुपये आले’ यांत फार मोठा फरक आहे. म्हणून फॉर्मॅटरची पहिली ओळ नेहमी हीच: मूल्य नसेल तर रिकामी स्ट्रिंग परत द्या. हे पंधरा स्क्रीनवर पंधरा जणांनी लक्षात ठेवायचं म्हटलं तर एक तरी विसरेलच. प्रकारात एकदा लिहिलं की विषय मिटला.

आणखी एक: सर्व्हरकडून रक्कम बरेचदा स्ट्रिंग म्हणून येते. पोस्टग्रेस या डेटाबेसचा न्यूमेरिक कॉलम सर्व्हरवरच्या नोडमधून वाचला की नेहमीचा ड्रायव्हर तो स्ट्रिंगमध्येच देतो, दशांशाची अचूकता टिकावी म्हणून. फॉर्मॅटर त्यालाही नीट सजवून दाखवतो, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. मग कुणीतरी सॉर्ट करतं आणि ९०० हे १५०० पेक्षा मोठे ठरतात, कारण तुलना अक्षरांची चालली आहे. व्हॅल्यू फॉर्मॅटर फक्त दिसणं बदलतो. सॉर्टिंग आणि फिल्टर मूळ मूल्यावर चालतात. तेव्हा डेटा आणतानाच, एपीआयच्या थरात, म्हणजे सर्व्हरशी बोलणाऱ्या कोडमध्ये, आकडा करून घ्या.

तारखेत जास्त वेळ जातो. फक्त तारीख असलेली स्ट्रिंग, म्हणजे ‘२०२५-०३-१५’ अशा साच्यातली, जावास्क्रिप्टच्या डेटला दिली तर ती यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची, मध्यरात्र धरली जाते. भारतात ती सकाळचे साडेपाच होते, दिवस तोच राहतो, आणि पुण्यात बसून कितीही तपासलं तरी काही चुकलेलं दिसत नाही. अमेरिकेतला वापरणारा तीच स्क्रीन उघडतो तेव्हा त्याला १४ मार्च दिसतो. अमेरिकी क्लायंटचं काम करणाऱ्या आपल्याकडच्या टीमना हा बग क्लायंटकडूनच कळतो, तो यामुळे. जन्मतारीख, बिलाची तारीख, देय तारीख यांना वेळ नसतेच. त्यांचं डेट करू नका. स्ट्रिंगच ठेवा, फॉर्मॅटरमध्ये तुकडे करून दिवस-महिना-वर्ष असे मांडा. एजी ग्रिडमध्ये ‘डेट स्ट्रिंग’ नावाचा सेलचा डेटाप्रकार आहे, तो नेमका याच साच्यासाठी. फिल्टरही त्याला तारखेचाच मिळतो. वर्ष आधी असल्यामुळे अशी स्ट्रिंग अक्षरांप्रमाणे लावली तरी क्रम बरोबर येतो. दिवस आधी असलेल्या साच्यात तो येत नाही, म्हणून सर्व्हरने सजवून पाठवलेली तारीख ग्रिडला कधी देऊ नका. ज्याला खरोखर वेळ आहे, उदाहरणार्थ ‘शेवटचा बदल कधी’, त्यासाठी वेगळा प्रकार करा आणि टाइमझोन स्पष्ट लिहा.

स्थितीच्या कॉलमला रंगीत चिठ्ठी दाखवणारा सेल रेंडरर, म्हणजे सेलमध्ये काय रंगवायचं ते ठरवणारा तुकडा, लागतो. ‘थकीत’ लाल, ‘पूर्ण’ हिरवं वगैरे जोड्या एका ठिकाणी ठेवा, एवढंच.

कृतीचा कॉलम, ज्यात संपादन आणि खोडण्याची बटणं असतात, तो डिफॉल्टच्या उलट वागला पाहिजे: सॉर्ट नाही, फिल्टर नाही, रुंदी ठरलेली, उजवीकडे खिळलेला. हा प्रकार न केल्यास बटणांच्या कॉलमवर फिल्टरचं चिन्ह दिसतं आणि कुणीतरी त्यावर क्लिक करून ‘चालत नाही’ असं कळवतं.

मराठी नावांसाठी कम्पॅरेटर, म्हणजे दोन मूल्यांत आधी कोणतं ते सांगणारं फंक्शन, द्या. ग्रिडची साधी तुलना युनिकोडच्या क्रमाने चालते, आणि युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे बसलाय. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. इंटलमधला कोलेटर (भाषेच्या क्रमाने तुलना करणारा) मराठीसाठी तयार करून कम्पॅरेटरमध्ये वापरला की क्रम मराठी वाचकाला पटेल असा लागतो. रिकाम्या मूल्यांची काळजी इथेही आधी घ्या. कोलेटर नलची स्ट्रिंग करतो आणि ‘एन’पासून सुरू होणारा इंग्रजी शब्द समजून भलतीकडेच बसवतो.

फिल्टरबद्दलही प्रकारात स्पष्ट लिहा: रकमेला आकड्यांचा, नावाला मजकुराचा, तारखेला तारखेचा. नुसतं ‘फिल्टर, हो’ लिहिलंत तर कम्युनिटीमध्ये ग्रिड डेटाप्रकार पाहून फिल्टर निवडतो. पण उद्या एंटरप्राइज, म्हणजे पैसे मोजून घ्यायची आवृत्ती घेतली, तर त्याच ओळीचा अर्थ बदलतो आणि सगळीकडे सेट फिल्टर, म्हणजे टिकमार्कची यादी येते. कुणाला ती हवीच असेल, पण ती ठरवून यावी.

पाचवी पायरी: स्वतःचा छोटा कंपोनंट

आता एजी ग्रिडच्या रिॲक्ट कंपोनंटभोवती एक पातळ वेष्टण करा. त्याचं नाव ‘ॲप ग्रिड’ धरू. त्याने चार गोष्टी मागायच्या: ओळी, कॉलम, या ग्रिडचं नाव, आणि ओळीची ओळख कशावरून पटते ते. बाकी जे काही प्रॉप येतील ते जसेच्या तसे आतल्या ग्रिडकडे पाठवायचे.

इथे हात आवरा. अनेक टीम स्वतःच्या नावांचे प्रॉप काढतात: ‘फिल्टर दाखवा’, ‘पानं हवीत’, ‘निवड चालू’. काही दिवसांत असे तीस प्रॉप होतात. नव्या माणसाला एजी ग्रिडचं चांगलं डॉक्युमेंटेशन सोडून तुमचा न लिहिलेला नियम शिकावा लागतो. ग्रिडच्या पर्यायाला ग्रिडचंच नाव राहू द्या. तुमच्या कंपोनंटने फक्त ते करावं जे ग्रिडला माहीत असणं शक्य नाही: डेटा येत असताना काय दाखवायचं, एपीआय पडली तर कोणता संदेश, आणि उंची.

उंची म्हणजे नवशिक्यांचा हमखास अडथळा. ग्रिडच्या बाहेरच्या डबीला उंची नसेल तर ग्रिडला पसरायला जागाच मिळत नाही आणि ओळी दिसत नाहीत. वेष्टणात ही उंची एकदा ठरवा. ‘डॉम लेआउट’ला ‘ऑटो हाइट’ देऊन सुटका करून घेण्याचा मोह होतो. दहा-वीस ओळींच्या छोट्या तक्त्याला ते ठीक आहे. पण त्यात ग्रिड सगळ्या ओळी एकदम रंगवतो. दिसतील तेवढ्याच ओळी रंगवण्याची त्याची खरी ताकद बंद पडते. हा पर्याय ग्लोबलमध्ये कधीच जाऊ नये.

ओळीची ओळख म्हणजे ‘गेट रो आयडी’. हा पर्याय वेष्टणात सक्तीचा करा. तो नसेल तर डेटा पुन्हा आणल्यावर कोणती ओळ जुनी आणि कोणती नवी हे ग्रिडला कळत नाही, आणि वापरणाऱ्याने टिक केलेल्या ओळींची निवड जाते. परत द्यायची ती स्ट्रिंगच. आयडी आकडा असेल तर स्ट्रिंग करून द्या. मी हा ग्लोबलमध्ये घालत नाही, कारण एका स्क्रीनवर ओळख आयडीने पटते, दुसरीवर बिल क्रमांक आणि वर्ष मिळून.

रिॲक्टमध्ये कॉलमची यादी कंपोनंटच्या बाहेर लिहा, किंवा आत लिहावीच लागली तर यूझ मेमोमध्ये, म्हणजे तयार केलेलं मूल्य जपून ठेवणाऱ्या रिॲक्टच्या सोयीत. नाहीतर प्रत्येक रेंडरला नवी यादी तयार होते आणि ग्रिडला वाटतं कॉलम बदलले. त्यातून एक चमत्कारिक तक्रार येते: ‘मी कॉलम रुंद केला आणि तो आपोआप पुन्हा अरुंद झाला.’ कॉलमवर ‘विड्थ’ लिहिलेली असते, यादी नव्याने गेली की ग्रिड ती पुन्हा लावतो. यावर यूझ मेमो तर हवाच, शिवाय ‘विड्थ’ऐवजी ‘इनिशियल विड्थ’ लिहा. ती फक्त कॉलम पहिल्यांदा तयार होताना लागते, नंतर वापरणाऱ्याने ओढलेली रुंदी टिकते. सॉर्ट आणि लपवणं यांनाही असे ‘इनिशियल’ जोडीदार आहेत. सामाईक प्रकारांत तेच वापरा.

ग्रिडचं नाव कशाला? वापरणाऱ्याने लावलेला कॉलमचा क्रम, रुंदी, सॉर्ट जपून ठेवायला. ग्रिड आपली स्थिती देतो, ती ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवायची आणि पुढच्या वेळी ‘इनिशियल स्टेट’ म्हणून परत द्यायची. किल्लीत ग्रिडचं नाव आणि एक आवृत्ती क्रमांक घाला. कॉलम मोठ्या प्रमाणात बदलले की क्रमांक वाढवायचा, म्हणजे जुनी साठवलेली मांडणी नव्या कॉलमांवर येऊन बसत नाही.

सहावी पायरी: स्क्रीन एकेक करून हलवा

सगळं एका पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे तपासणीसाठी पाठवलेल्या एका बदलात, हलवू नका. रिव्ह्यू करणारा कंटाळून मंजूर करेल आणि चुका तशाच पुढे जातील. मधल्या अवघडपणाची एक स्क्रीन आधी घ्या. अगदी सोपी घेतलीत तर प्रकारांची परीक्षाच होत नाही, अगदी अवघड घेतलीत तर सामाईक मांडणी तिच्या मापाने बेतली जाते.

हलवल्यावर त्या फाइलमध्ये उरलेल्या ओळी वाचा. तिथे फक्त ‘ही स्क्रीन इतरांपेक्षा कुठे वेगळी आहे’ एवढंच दिसायला हवं. मग हातांनी तपासा: रकमेवर सॉर्ट करा, रिकामी रक्कम असलेली ओळ शोधा, तारखेचा फिल्टर लावा, संगणकाचा टाइमझोन बदलून पुन्हा उघडा, सीएसव्ही काढून ती एक्सेलमध्ये उघडून बघा.

तीन-चार स्क्रीन हलल्या की ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या साधनात नियम घाला: ग्रिड फोल्डरच्या बाहेर एजी ग्रिडचा रिॲक्ट कंपोनंट थेट इम्पोर्ट करता येणार नाही. ‘नो रिस्ट्रिक्टेड इम्पोर्ट्स’ हा नियम यासाठी तयारच आहे. सांगून लोक विसरतात, लाल रेघ आली की विसरत नाहीत.

अपवाद येत राहतील. एका स्क्रीनला काही वेगळं हवं असेल तर ते त्या स्क्रीनवरच लिहा आणि वर एका ओळीत कारण टाका. तोच अपवाद तिसऱ्या स्क्रीनवर मागितला गेला की त्याचा प्रकार करा. पहिल्याच वेळी प्रकार करायची घाई नको; दोन स्क्रीनचं दिसायला सारखं वागणं नंतर वेगवेगळ्या वाटेने जाऊ शकतं.

अपग्रेडच्या वेळी

एजी ग्रिड मोठ्या आवृत्त्यांमध्ये पर्याय बदलतो. उदाहरणार्थ, ओळींच्या निवडीसाठी पूर्वी ‘रो सिलेक्शन’ला नुसती ‘मल्टिपल’ ही स्ट्रिंग द्यायचे, ३२.२ पासून तिथे ऑब्जेक्ट द्यायचा असतो आणि त्यात ‘मोड’ सांगायचा. जुनं लिखाण काही काळ इशारा देत चालतं. असे बदल करून देणारं एजी ग्रिडचंच मायग्रेशनचं साधन कमांड लाइनवर चालतं. ते आधी ग्रिड फोल्डरवर चालवा, काय बदललं ते वाचा, मग स्क्रीनच्या फाइलींवर. अपग्रेडची ब्रँच सुरू करण्याआधी कन्सोल उघडून दोन-तीन मोठ्या स्क्रीन फिरून या आणि ग्रिडचे पिवळे इशारे टिपून ठेवा. पुढच्या आवृत्तीत काय मोडणार आहे ते बहुतेक त्यांतच लिहिलेलं असतं.